सरकार बदलतंय आणि जमीन हादरली: मुंबईतून शेजारी देशाला मदत कशी पाठवावी

शेजारच्या देशात भूकंप किंवा महापूर आला की मुंबईत मदतीची गडबड लगेच सुरू होते. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कुणाचा तरी क्यूआर कोड येतो, दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या लॉबीत कपड्यांची पोती साचतात, आणि मग कुणीतरी विचारतं, "हे सगळं तिकडे पोचवायचं कसं?" गणेशोत्सव मंडळं, छोटे ट्रस्ट, ऑफिसातले आणि माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. मात्र तो एका खास परिस्थितीपुरता आहे. ज्या देशात आपत्ती आली तिथली सत्ताच मुळात बदलत असेल, राज्यघटना लिहून व्हायची असेल, अंतरिम सरकार असेल किंवा निवडणुका तोंडावर असतील, तर काय करायचं?

हा प्रश्न वाटतो तितका दुर्मीळ नाही. २००८ साली म्यानमारवर नर्गिस चक्रीवादळ आदळलं तेव्हा लष्करी राजवटीच्या नव्या घटनेवरचं सार्वमत आठवड्यावर आलं होतं. २०१५ च्या भूकंपावेळी नेपाळची संविधान सभा घटनेच्या मसुद्यावर अडली होती. बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना देश सोडून गेल्या आणि पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत फेनी, नोआखाली, कुमिल्ला पाण्याखाली गेले.

सरकार स्थिर असेल तर मदत अडली की निदान फाइल कुठल्या टेबलावर अडली ते कळतं. संक्रमणातल्या, म्हणजे सत्ता बदलत असलेल्या देशात ती कुणाच्या टेबलावर जायला हवी, यावरच भांडण चालू असतं. म्हणून पैसे किती जमले हा प्रश्न जरा मागे ठेवा आणि आधी शोधा की मदत मिळणाऱ्यांची यादी कोण करतंय. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर कुर्ला-कालिन्यात पंचनाम्याच्या रांगेत उभं राहिलेल्यांना, किंवा झोपडपट्टी पुनर्वसनात 'अपात्र' ठरलेल्यांना, यादी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पहिले दोन दिवस: गोळा करू नका, वाचा

दोन दिवस थांबा म्हटलं की ग्रुपवर शिव्या खाव्या लागतात. खा. पहिल्या बहात्तर तासांत माणसं ढिगाऱ्याखालून काढायचं काम शेजारी, तिथलं सैन्य आणि बचाव पथकं करतात. भारतातून एनडीआरएफ आणि हवाई दल जातं. २०१५ मध्ये नेपाळला 'ऑपरेशन मैत्री' आणि मार्च २०२५ मध्ये म्यानमारला 'ऑपरेशन ब्रह्मा' गेलं, ते असंच. तुमचं पोतं त्या विमानात जाणार नाही.

या दोन दिवसांत एका कागदावर चार उत्तरं लिहून काढा. केंद्रात सत्ता कुणाची आहे आणि ती निवडून आलेली आहे की अंतरिम? गावपातळीवर निवडून आलेले प्रतिनिधी आहेत का? मदतीचं काम अधिकृतपणे कुठल्या यंत्रणेकडे दिलंय? पुढच्या सहा महिन्यांत निवडणूक, सार्वमत किंवा घटनेचं काही ठरायचं आहे का?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी विचारत नाही. २५ एप्रिल २०१५ ला गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ केंद्र असलेला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं गेली. बातम्या काठमांडूच्या राजकारणाच्या येत होत्या, पण खरी अडचण खाली होती. नेपाळात गावांच्या निवडणुका १९९७ नंतर झाल्याच नव्हत्या. गावांचा कारभार गाविस, म्हणजे गाउँ विकास समितीच्या सरकारी सचिवाकडे होता, आणि एका सचिवाकडे कधी कधी दोन-तीन गावं. 'आमचं घर यादीत का नाही?' असं ज्याला हक्काने विचारावं असा निवडून आलेला माणूसच गावात नव्हता. ती पोकळी पक्षांच्या स्थानिक पुढाऱ्यांनी भरली. कुठे नीट, कुठे आपापल्या माणसांपुरती.

आता याच्या शेजारी २०२५ ठेवून बघा. सप्टेंबरमध्ये तरुणांच्या आंदोलनात नेपाळचं सरकार कोसळलं, माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पूर्वेकडे इलाम जिल्ह्यात दरडी कोसळून कित्येक जण दगावले. वरचं सरकार महिन्याभराचंही नव्हतं. पण २०१७ पासून देशात ७५३ स्थानिक सरकारं आहेत, आणि २०२२ ला त्यांची निवडणूकही झाली होती. गावपालिकेचा अध्यक्ष जागेवर होता, वॉर्डाचा अध्यक्षही. अशा वेळी मदत देणाऱ्याने काठमांडूकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नसतो. पालिकेशी बोलणाऱ्या स्थानिक संस्थेला गाठायचं.

बांगलादेशात २०२४ ला नेमकं उलटं घडलं. पूर आला त्याच आठवड्यात अंतरिम सरकारने महापौर आणि उपजिल्ह्यांचे अध्यक्ष पदावरून हटवले होते. जुन्या पक्षाचे बरेच गावपुढारी पळून गेले होते. मदत गोळा करणं आणि वाटणं विद्यार्थ्यांनी हातात घेतलं, बचावकामाला लष्कर होतं. ढाका विद्यापीठाच्या आवारात मदतीचे ढीग लागले होते. उत्साह प्रचंड होता, पण कुणाचं घर गेलं याची गावनिहाय नोंद उत्साहातून तयार होत नाही.

मदत कुणाच्या हातात द्यायची

ढोबळ चार वाटा आहेत: त्या देशाचा सरकारी निधी, रेड क्रॉस, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि तिथली स्थानिक संस्था. कोणती निवडायची हे वरच्या कागदावर ठरतं.

सरकारी निधीबद्दल भाबडेपणाही नको आणि तुच्छताही नको. नेपाळने २०१५ ला भूकंपासाठी येणारा पैसा पंतप्रधान दैवी प्रकोप उद्धार कोषाकडे वळवायचं ठरवलं तेव्हा परदेशी दाते बिथरले. सरकारचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शेकडो संस्था आपापल्या मर्जीने फिरायला लागल्या की सोयीच्या रस्त्यावरच्या गावाला चारदा तांदूळ मिळतो आणि डोंगरापलीकडच्या गावाला एकदाही नाही. पण पुनर्निर्माण प्राधिकरणाचा प्रमुख कुणी नेमायचा, यावर पक्षांची ओढाताण झाली. अध्यादेश काढला, तो वेळेत संसदेतून गेला नाही आणि लयाला गेला. प्राधिकरण खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते डिसेंबर २०१५ च्या अखेरीस. मधल्या काळात २० सप्टेंबरला नवी घटना जाहीर झाली, भारताला लागून असलेल्या तराईत आंदोलन पेटलं, सीमेवरची वाहतूक फेब्रुवारीपर्यंत अडली. जूनमधल्या परिषदेत जगाने चार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कबूल केली होती, त्यात भारताचे एक अब्ज होते. तरी लोकांनी पहिला हिवाळा ताडपत्री आणि जस्ताच्या पत्र्याखाली काढला.

इंडोनेशियाचा अनुभव वेगळा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या जेमतेम दोन महिने आधी तिथले पहिले थेट निवडून आलेले अध्यक्ष सत्तेवर बसले होते, आणि आचे प्रांतात बंडखोरांशी युद्ध चालू होतं. सरकारने एप्रिल २००५ मध्ये आचे-नियाससाठी वेगळी पुनर्बांधणी संस्था काढली. तिला चार वर्षांची मुदत, थेट अध्यक्षांशी संबंध आणि भ्रष्टाचाराविरुद्ध स्वतःचा विभाग दिला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हेलसिंकीत शांतता करार झाला. श्रीलंकेत त्याच त्सुनामीनंतर सरकार आणि तमिळ वाघ यांच्यातला मदतवाटपाचा करार न्यायालयात अडकला आणि बारगळला. तेव्हा 'सरकारी म्हणजे वाईट' असं सरसकट धरू नका. ज्या सरकारी संस्थेला स्पष्ट मुदत आणि अधिकार आहेत, जिचा हिशेब लोकांसमोर येतो, तिच्याकडे पैसा गेला तर हरकत नाही. असं काही दिसत नसेल तर दुसरी वाट धरा.

म्यानमारसारख्या ठिकाणी स्थानिक संस्थेची वाटही सोपी नाही. तिथे २०२२ च्या कायद्याने संस्थांना नोंदणी सक्तीची केली. त्यामुळे खरं काम करणारे कित्येक गट, बौद्ध मठांभोवती जमलेले तरुण वगैरे, कागदावर कुठेच नसतात. त्यांचं नाव आपल्या पोस्टरवर छापलं तर त्यांच्यावरच संकट येऊ शकतं. तिथे लहान गटाने स्वतः धागेदोरे शोधण्यापेक्षा रेड क्रॉस किंवा संयुक्त राष्ट्रांच्या आवाहनाला पैसे देणं शहाणपणाचं.

नेपाळातली संस्था निवडत असाल तर तीन कागद मागा: जिल्हा प्रशासन कार्यालयाची नोंदणी, समाज कल्याण परिषदेशी संलग्नता आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल. बांगलादेशात परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला एनजीओ ब्युरोची मंजुरी लागते. तातडीच्या मदतीसाठी एफडी-७ हा वेगळा फॉर्म आहे. संस्थेला त्याबद्दल विचारा. ज्यांनी हे काम केलंय ते लगेच उत्तर देतात.

कागदांइतकाच उपयोगी एक प्रश्न आहे, तो फोनवर विचारायचा: "यादी कशी केलीत?" 'पालिकेच्या यादीवरून' हे अर्धं उत्तर. 'पालिकेची यादी घेतली, वॉर्डात वाचून दाखवली, राहिलेली घरं जोडली' असं कुणी म्हणालं तर तिथे पैसे द्या.

मुंबईतून पैसा बाहेर कसा जातो

इथे मंडळं सगळ्यात जास्त अडकतात. सुरुवात वर्गणीपासून. लोकांकडून जाहीरपणे पैसे गोळा करायचे आणि तुमचा नोंदणीकृत ट्रस्ट नसेल, तर धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्यातल्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाआधी घेता तीच. गणपतीसाठी घेतलेली परवानगी भूकंपाला चालवू नका. पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका, मग तो माणूस कितीही सज्जन असो. सोसायटीच्या सिंकिंग फंडालाही हात नको, तो इमारतीसाठी असतो.

नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्ट असेल तर आणखी एक खोच. भारताबाहेर खर्च केलेली रक्कम आयकराच्या सवलतीसाठी सहसा धर्मादाय खर्च म्हणून धरली जात नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. परकीय चलनाचे नियम त्याहून वेगळे. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट मिळत नाही. कंपनीच्या सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या पैशावर, तर डोळा ठेवूच नका, तो पैसा भारतातल्या कामांसाठीच वापरायचा असतो. म्हणून लहान ट्रस्टने भारतात नोंदलेल्या आणि अशा मंजुऱ्या असलेल्या मोठ्या संस्थेकडे पैसे द्यावेत, आणि ते 'अमुक देशाच्या आपत्तीसाठी' असा उल्लेख असलेली पावती घ्यावी. ८०जी हवी असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका.

व्यक्ती म्हणून पाठवायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, आणि देणगी त्यात बसते. बँकेत ए-२ फॉर्म आणि पॅन लागतो. वर्षभरात एकूण १० लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो पुढे विवरणपत्रात जमा धरतात, पण तोवर पैसा अडकतो.

नेपाळचं गणित निराळं. तिथे आपला रुपया जातो. मुंबईतले नेपाळी वॉचमन आणि हॉटेल कामगार घरी पैसे पाठवतात ती भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा एनईएफटीवर चालते, आणि एका व्यवहाराची मर्यादा २०२१ पासून दोन लाख रुपये आहे. तुमच्या सोसायटीतल्या वॉचमनचं घर पडलं असेल, तर त्याच्या बायकोच्या खात्यावर या वाटेने पाठवलेले पैसे ही सगळ्यात सरळ मदत. मध्ये कुणी नाही, यादी नाही. फक्त एक लक्षात ठेवा. मुंबईतले बरेच नेपाळी पश्चिम नेपाळातल्या अछाम, डोटी, बझांग अशा भागांतून येतात. भूकंप पूर्वेला झाला असेल तर त्याचं गाव शाबूत असू शकतं. आधी विचारा.

म्यानमारकडे थेट पैसे पाठवणं आता फार अवघड आहे. एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तो देश ऑक्टोबर २०२२ मध्ये काळ्या यादीत टाकला, आणि आपली बँक तिथेच हात वर करते.

वस्तू पाठवायच्याच असतील

माझं मत स्पष्ट आहे: पाठवू नका. नागपट्टिणममध्ये त्सुनामीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला सडले, तोही आपल्याच देशात. मुंबईहून नेपाळ सीमेवरच्या रक्सौल किंवा सुनौलीपर्यंतचं ट्रकभाडं, सीमेवरचा खोळंबा आणि पलीकडे उतरवून घेणारी माणसं यांचा हिशेब केला की तोच माल सीमेपलीकडच्या बीरगंजच्या बाजारात स्वस्त पडतो, आणि तिथल्या दुकानदाराचा धंदाही उभा राहतो.

अपवाद ताडपत्रीचा, तोही स्थानिक बाजार रिकामा झाल्याची खात्री झाल्यावर. मे महिन्यात आपल्या चाळींवर चढते ती पातळ निळी ताडपत्री तिथे कामाची नाही. डोंगरातला वारा तिच्या कडेच्या रिंगा पहिल्या आठवड्यात उपटतो. दुकानदाराला वजन विचारा: दर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास हवं, म्हणजे त्याच्या भाषेत २०० जीएसएम. रेड क्रॉसचं माप ४ बाय ६ मीटर आहे, फुटांत साधारण १३ बाय २०. आपत्तीत माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा धरतात, म्हणजे पाच जणांच्या घराला साडेसतरा. एक ताडपत्री सपाट पसरली तर २४ भरते खरी, पण मधे बांबू घालून दोन्हीकडे उतार दिला की खालची रुंदी बरीच कमी होते, आणि पुढची-मागची बाजू उघडीच राहते. म्हणून एका घराला दोन, आणि सोबत दोर. दोर सगळे विसरतात.

सोबत कागद हवेत: मालाची यादी, किंमतपत्रक, 'विनामूल्य मदत' असं लिहिलेलं पत्र आणि पलीकडच्या संस्थेचं स्वीकारपत्र. कस्टम्सचं काम अनुभवी सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सच्या एजंटकडे द्या. मस्जिद बंदर, बॅलार्ड इस्टेट भागात असे बरेच आहेत, आणि आपत्तीत काही जण फी सोडतातही. संक्रमणातल्या देशात कस्टम्सची सूट आज जाहीर होते आणि नाक्यावरच्या शिपायापर्यंत आठवड्याने पोचते. माल निघण्याआधी त्या सूचनेची प्रत हातात असू द्या. औषधं पाठवत असाल तर पोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी.

बॅनर, फोटो आणि आपलं नाव

मुंबईत मदतीच्या ट्रकवर नेत्याचा फोटो नसेल तर ट्रक सुरू होत नाही, अशी आपली ख्याती. परदेशात, आणि त्यातही निवडणुकीच्या तोंडावर, हे अंगाशी येतं. नेपाळमध्ये मे २०१५ च्या सुरुवातीला भारतीय माध्यमांनी 'घरी जावं' अशी मोहीम समाजमाध्यमांवर उसळली. राग आपल्या पथकांवर नव्हता, मदतीच्या गवगव्यावर आणि रडणाऱ्या माणसांपुढे धरलेल्या माइकवर होता. बांगलादेशच्या पुरात भारताने त्रिपुरातलं डुंबूर धरण मुद्दाम उघडल्याची बातमी पसरली. परराष्ट्र मंत्रालयाने ती नाकारली, पण तोवर रस्त्यावर मोर्चे निघाले होते. अशा हवेत तुमच्या तांदळाच्या पोत्यावरचा भारताचा नकाशा वाटणाऱ्या स्थानिक पोराला महागात पडतो.

म्हणून पोत्यावर फक्त वस्तूचं नाव आणि वजन, तेही त्यांच्या भाषेत. वाटपाला तिथल्या कुठल्याच पक्षाचा माणूस 'शुभहस्ते' नको. म्यानमारमध्ये २००८ ला लाखाहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, तरी बहुतेक देशात सार्वमत ठरल्या दिवशीच, १० मे रोजी, उरकण्यात आलं. मतपेटीजवळ वाटलेलं धान्य ही मदत राहत नाही. मतदान जवळ असेल तर वाटप आधी किंवा नंतर करा, आणि स्थानिक संस्थेला तसं लेखी कळवा. मदत घेणाऱ्यांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे वर्गणी घेतानाच देणगीदारांना सांगून टाका. पावती आणि मालाचा फोटो पुरेसा आहे.

निम्मे पैसे राखून ठेवा

पहिल्या महिन्यात सगळे देतात. सहाव्या महिन्यात कुणी विचारत नाही, आणि नेमकं तेव्हाच घर बांधायचं असतं. नेपाळ सरकारने पडक्या घरामागे नेपाळी तीन लाख रुपये द्यायचं ठरवलं, म्हणजे आपले एक लाख ८७ हजार ५००. ते तीन हप्त्यांत मिळायचे: ५० हजार करारानंतर, दीड लाख पाया तपासल्यावर आणि एक लाख शेवटी. कागदावर चोख. पण करारासाठी जमिनीचा पुरावा लागे, ज्याला तिथे लालपुर्जा म्हणतात. कुळाच्या किंवा सरकारी जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याकडे तो कुठून येणार? नवऱ्याच्या नावावर घर आणि नवरा आखातात, अशा बाईनेही काय करायचं? शिवाय दुसरा हप्ता हवा तर पाया आधी स्वतःच्या खिशातून पुरा करायचा, आणि अभियंता डोंगर चढून येईपर्यंत सावकाराचं व्याज चढत राहायचं.

सरकारी यंत्रणेच्या या फटी छोट्या देणगीदाराला भरता येतात. मोठ्या संस्था घरं मोजतात. लालपुर्जा नसलेल्या बाईला तालुक्याला तीन खेपा घालायचं गाडीभाडं त्यांच्या तक्त्यात बसत नाही, तुमच्या बसेल. स्थानिक संस्थेशी ठरवताना पैशाचा निम्मा भाग सहा महिन्यांनंतरसाठी राखून ठेवा, आणि तो कशावर जाईल हे आत्ता ठरवू नका. इथे देणगीदारांना पहिल्याच दिवशी तसं सांगा, नाहीतर दिवाळीपर्यंत कुणीतरी 'ते पैसे पडूनच आहेत' म्हणून ओरड करेल. खात्याचा उतारा दर तीन महिन्यांनी सोसायटीच्या किंवा मंडळाच्या फलकावर लावा.

सहा महिन्यांनी फोन कराल तेव्हा 'कसं चाललंय' असं विचारू नका, 'ठीक' एवढंच उत्तर येईल. पाया तपासायला अभियंता शेवटचा कधी आला, किती घरांचा दुसरा हप्ता अडलाय, आणि सिमेंटची उधारी कुणाच्या दुकानात थकलीय, ते विचारा आणि त्या उत्तरांवरून पुढची रक्कम सोडा.